भिवाची उघाडी

माझा धाकटा दीर भिवा वाईट माणूस होता असं कुणी माझ्यासमोर बोललं, तर मी त्याचं थोबाड फोडीन. आणि त्यानं आपल्या बायकोचा जीव घेतला नाही असं बोललं, तरी फोडीन. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्याची थोरली भावजय, बायजा. आमच्या दोन घरांत एक कुडाची भिंत, तिकडं कुणी खोकलं तर इकडं ऐकू यायचं. म्हणून ही गोष्ट मी सांगणार, दुसऱ्या कुणी सांगू नये.

आमचं गाव कळव्याच्या खाडीला लागून. आम्ही आगरी, मीठ पिकवणारी माणसं. मी ठाण्याला जाऊन मासळी विकायची, जिताडं, बोय, कोळंबी, जे मिळेल ते. तळ्याकाठच्या गुरुदत्त डॉक्टरांचं घर माझं ठरलेलं गिऱ्हाईक. डॉक्टरीणबाईंच्या ओट्यावर बसून इतकी वर्षं बोलले की माझी बोलीच बदलली. गावातल्या बायका मला बघून म्हणतात, बायजा आली ग, आता तोंड धुऊन बोला. म्हणू देत. त्यांच्यातली एक तरी डॉक्टरांच्या दारात उभी राहू शकते का, ते विचारा.

भिवा आगरावरची उघाडी सांभाळायचा. ज्यांनी आगर बघितलं नाही त्यांना सांगते. खाडीचं पाणी मिठाच्या वाफ्यांत घ्यायला बांधाला एक दार असतं, जाड लाकडी फळीचं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला फळी उचलायची, पाणी आत घ्यायचं, पुरेसं झालं की फळी पाडायची. ऐकायला सोपं वाटतं. पण खाडीचं पाणी म्हणजे अर्धा चिखल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा पाणी जोरात धावतं, मधल्या दिवसांत भांगाची भरती असते, तेव्हा ते नुसतं रेंगाळतं. रेंगाळलं की गाळ बसतो, आणि दार आतून आवळत जातं. वरून काही दिसत नाही. भिवा पाण्यात छातीपर्यंत उतरायचा, फळीवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. पाणी अरुंद वाटेतून जाताना फळी थरथरते, त्या थरथरीवरून तो सांगायचा, गाळ किती बसलाय. कधी चुकला नाही. कळव्यापासून पलीकडच्या आगरांपर्यंत लोक त्याला बोलावून न्यायचे.

आणि गाळ काढायची त्याची रीत ठरलेली होती. खणायचा नाही. खणलं तर बांध ढासळतो. भांगाचे दिवस जाऊ द्यायचे, उधाणाची वाट बघायची. भरती पुरी चढेस्तोवर फळी दाबून धरायची, आणि बाहेर पाणी तुंबलं की एकदम उचलायची. तो लोंढाच गाळ फोडून वाट मोकळी करतो. त्याच्या बापसानं त्याला ही रीत शिकवली, बापसाला त्याच्या बापसानं. त्यांच्या घराण्यात न उघडलेली उघाडी कुणी बघितली नव्हती.

सगुणा त्याची बायको. डोंबिवलीकडची, भातशेती करणाऱ्यांच्या घरातली. आली तेव्हा अंगानं बारीक पण चिवट होती, हसरी होती, आणि मला उलट बोलायची, म्हणून मला आवडायची. लेक झाली, शालू, आणि त्यानंतर सगुणाचं काहीतरी बिनसलं. मिठाच्या दिवसांत आम्ही बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधावरून होडीपर्यंत मीठ वाहायचो. सगुणा अर्ध्या बांधावर थांबायला लागली. पाटी डोक्यावर तशीच, आणि एक हात छातीवर. मागच्या बायका खोळंबायच्या, शिव्या द्यायच्या. मी पण दिल्या. ऊन काय आमच्यासाठी थांबणार होतं?

मग तिची धाप घरातही ऐकू यायला लागली. चूल फुंकली तरी धाप, केर काढला तरी धाप. आडवी झोपली की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला पाठ लावून बसूनच डोळा लावायची. भगतानं कोंबडं मागितलं, दिलं. त्यानं अंगारा लावला, उतारा टाकला, पुढच्या खेपेला बकरं लागेल असं सांगून गेला. मग एके दिवशी खोकताना तिच्या थुंकीत रक्ताची रेघ आली. तिनं ती पायानं मातीत मिसळली, पण मी बघितली. त्या दिवशी मी भिवाला सांगितलं, भगत गेला खड्ड्यात, हिला मी डॉक्टरांकडं नेते, तुला यायचं तर ये.

विलायतेच्या राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून उत्सव झाला होता ना, त्या सालची दिवाळी नुकतीच सरली होती. आम्ही होडीनं खाडी उतरून गेलो. होडीपासून डॉक्टरांच्या घरापर्यंत भिवानं तिला पाठुंगळी घेतलं. भर बाजारातून नवरा बायकोला पाठीवर नेतोय, लोक बघतायत, ती लाजून मान खाली घालून बसलेली. भिवाला त्याचं काही नव्हतं.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, तरणे, सोन्याच्या काडीचा चष्मा. पण माणूस चांगला, हे मी आजही बोलेन. त्यांनी सगुणाला घाई केली नाही. लहानपणीचं एकेक विचारत गेले. कधी सांधे सुजले होते का? तेव्हा कुठं तिला आठवलं की हो, शालूएवढी, सहा-सात वर्षांची असताना ताप आला होता, आज गुडघा सुजायचा, उद्या घोटा, परवा मनगट. आयशीनं निर्गुडीचा पाला बांधला, ताप गेला, पोरगी उठून खेळायला लागली. घरातले विसरले, ती पण विसरली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. बोलले, तो ताप सांधे चाटून जातो आणि काळजाला चावून जातो. बरी झाली असं सगळ्यांना वाटतं, आणि आत काळजाची झडप हळूहळू जाड होत राहते, वर्षानुवर्षं.

मग त्यांनी मला जवळ उभं केलं आणि तिला डाव्या कुशीवर झोपवून लाकडाची नळी छातीला लावून ऐकलं. खूप वेळ ऐकलं. नळी काढली, तळहात ठेवला. मला म्हणाले, बायजाबाई, हात ठेवून बघा. मी ठेवला. अगं बाई, हाताखाली घुरघुरत होतं, मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं. प्रत्येक ठोक्याच्या अगोदर एक घुरघुर, मग ठोका.

डॉक्टरांनी भिवाला विचारलं, काम काय करतोस? तो बोलला, उघाडी बघतो. डॉक्टरांना मोठा आनंद झाला. शिकलेल्या माणसाला अडाण्याला समजावायची वाट सापडली की होतो तसा. बोलले, मग तुला लगेच कळेल. काळजाला खोल्या असतात, वरच्या खोलीतून खालच्या खोलीत रक्त जायला एक दार असतं. हिचं दार आवळलंय. रक्त पुढं जात नाही, मागं तुंबतं, मागं फुप्फुस आहे ते ओलं होतं, म्हणून धाप, म्हणून रक्त. भिवानं सगळं ऐकलं. मग तो पुढं झाला आणि विचारल्याशिवाय त्यानं आपला तळहात बायकोच्या छातीवर ठेवला. डोळे मिटले. मी त्याचं तोंड बघत होते. त्याच्या कपाळावरची आठी गेली. इतके महिने तो घाबरलेला होता, भगताच्या बोलण्यातलं त्याला काही उमगत नव्हतं, आणि आता त्याच्या हाताला ओळखीचं काहीतरी लागलं होतं.

"गाळ धरलाय काय, सायब?" त्यानं विचारलं.

"तसंच समज," डॉक्टर बोलले.

जळ्ळं मेलं ते ‘तसंच समज’. पुढं डॉक्टर बरंच बोलले. हे दार उघडायचं औषध नाही, तिथवर कुणाचा हात पोचत नाही, कधी पोचेल माहीत नाही. करायचं ते एवढंच, की काळजावरचा भार कमी ठेवायचा. पाटी उचलायची नाही, पाणी भरायचं नाही, दुसरं मूल होऊ द्यायचं नाही. थेंबांचं एक कडू औषध दिलं, काळजाची धाव आवरायला, मोजून घ्यायचं, जास्त झालं तर तेच विष. महिन्यानं परत या. असं सगळं सांगितलं. पण भिवाच्या कानांत त्यातलं किती गेलं, देव जाणे. उघडत नाही असं दार त्याच्या पिढ्यांत नव्हतं.

तो महिना मात्र सुखाचा गेला, हे सांगायला हवं. भिवानं तिला हात म्हणून हलवू दिला नाही. पुरुष असून डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर जायचा, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, एकीनं तर विचारलं, भिवा, लुगडं कवा नेसतोस? तो पण हसायचा. चूल तो पेटवायचा, भाकरी जाड्या थापायचा, शालूची वेणी घालायचा, वाकडी. सगुणा भिंतीला टेकून बसायची आणि त्याच्या भाकऱ्यांची चेष्टा करायची. थेंबांनी आणि विश्रांतीनं तिची धाप खरंच उतरली. एकदा ती माझ्या अंगणापर्यंत न थांबता चालत आली आणि मला म्हणाली, जाऊबाई, आता मला शिव्या द्या बघू. मी दिल्या. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

रोज सकाळी आगरावर जायच्या आधी भिवा तिच्या छातीवर हात ठेवून बघायचा. घुरघुर तशीच होती. मग एक दिवस मला बोलला, वैनी, ही नुसती बसून राहिली तर कसं व्हायचं? भांगाचं पाणी झालंय हिचं. रेंगाळतंय. रेंगाळलं की गाळ वाढतो. डॉक्टर बोलला भार कमी ठेव, ते बरोबर, बांध ढासळत होता म्हणून. आता बांध बरा झालाय. आता लोंढा सोडाय पायजे.

मी त्याला वेड्यात काढलं का? नाही काढलं. मला ते पटलं, खरं सांगते. आगरावर जन्म काढलेल्या कुणालाही पटलं असतं. डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडानं दार म्हटलं होतं, तुंबलं म्हटलं होतं, गाळ म्हटल्यावर ‘तसंच समज’ म्हटलं होतं. गाळाचं पुढं काय करायचं हे कळव्यात भिवापेक्षा कुणाला जास्त कळत होतं?

मग अमावास्येला त्यानं सुरुवात केली. उधाणाची वेळ धरून. हंडीभर पातळ पेज केली, तांदूळ थोडे, पाणी फार, आणि मीठ सढळ हातानं. आगरावर मिठाच्या पहाऱ्याला सरकारचा शिपाई बसलेला असायचा, पण मीठ पिकवणाऱ्याच्या घरात मीठ नाही असं कुठं होतं का? नुसतं पाणी इतकं घशाखाली जात नाही, खारट पेज जाते. वाडग्यामागून वाडगा, तो समोर बसून पाजायचा. ती नको म्हणाली की चुचकारायचा, आणखी एवढंच, भरती अजून चढायचीय. पेज संपली की खाडीकडं कान लावून बसायचा.

दुसऱ्या उधाणानंतर तिचे पाय सुजले. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा. मी घाबरले, भिवाला बोलावून दाखवलं. तो घाबरला नाही, खूश झाला. बोलला, वैनी, पाणी पलीकडं पोचलं बघ. वाट बंद असती तर पायापर्यंत पाणी गेलं असतं काय? लांबच्या वाफ्यात पाणी दिसलं की दार सुटतंय असं समजायचं. आणि त्यानं पेजेची हंडी मोठी केली.

महिना कधीच उलटला होता, डॉक्टरांकडं परत जायचं राहिलं होतं. मी दोनदा गेले. पण त्या थंडीत कल्याणकडच्या गावांत पटकीची साथ होती, डॉक्टर तिकडंच राहत होते, घरी नसायचे. कंपाउंडरनं थेंबांची बाटली भरून दिली. भिवा बोलला, तिला उगाच होडीनं नेऊन आणून दमवायचं कशाला, आपलं बरं चाललंय. बरं चाललंय, म्हणे. पण सगुणाला परत बसून झोपावं लागत होतं, ते तो बघत नव्हता. भिवा फक्त उघाडी बघत होता.

एका दुपारी मी तिच्याजवळ तांदूळ निवडत बसले होते. भिवा आगरावर गेलेला. ती बोलली, "जाऊबाई, पेज प्याले की छातीवर कुणीतरी बसतंय. मग मला श्वास घेता येत नाय."

"मग सांग की त्याला," मी बोलले.

"कसं सांगू? लगीन झाल्यापासून त्यानं कधी माझ्यासाठी चूल पेटवली नव्हती. आता हंडी ठेवतो, फुंकर मारतो, माझ्या तोंडाकडं बघत बसतो. मी वाडगं खाली ठेवलं की त्याचं तोंड असं होतं, मना बघवत नाय."

मी रागावले. म्हटलं, तुझा जीव जातोय आणि तू त्याच्या तोंडाकडं काय बघतेस? मीच सांगते आज. तर तिनं माझा हात धरून शालूची शपथ घातली. पोरीची शपथ घातल्यावर काय करणार? आणि मला तरी कुठं ठाऊक होतं की पेजच तिला मारतेय? मला वाटलं, लोंढा सुटताना त्रास होतच असेल.

होळीची पौर्णिमा आली. आमच्याकडं होळीएवढा सण दुसरा नाही, आणि त्या उधाणाएवढं उधाण नाही. गाव होळीभोवती नाचत होतं. भिवा घरात बसून होता, समोर दोन हंड्या. शालूला त्यानं माझ्याकडं पाठवलं होतं. त्या संध्याकाळी त्यानं तिला किती पाजलं ते मी बघितलं नाही, आणि विचारलंही नाही.

सकाळी गावात धुळवड सुरू झाली होती. भिवा माझ्या दारात आला. हसत होता. अंगाला राख नाही, रंग नाही, आणि डोळे रडून लाल, पण हसत होता.

"वैनी, उघडली," तो बोलला.

मी हातातलं टाकून धावले. रोज हाताला लागायची ती घुरघुर आता नव्हती, हे खरं. मी पण हात ठेवून बघितलं. घुरघुर अजिबात नव्हती. पण तिच्या काळजाचा तालच सुटला होता, कसंही उडत होतं, कधी दोन ठोके एकमेकांवर चढल्यासारखे, कधी हाताखाली काहीच नाही. ओठ निळे. नाकातोंडाशी फेस, लालसर. भिंतीला टेकून, दोन्ही हात जमिनीवर रोवून बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. बोलू शकत नव्हती. भिवा तिच्यापुढं गुडघ्यावर बसला होता आणि सांगत होता, "आता अडत नाय बघ, सगुणा. आता मोकळं झालं. थोडं सोस."

दुपार व्हायच्या आत ती गेली. त्याचा हात तिच्या छातीवरच होता. गेली हे त्याच्या हातालाच आधी कळलं असणार, पण त्यानं तो काढला नाही.

तिला पोचवून आल्यावर जो येईल त्याला भिवा एकच सांगायचा, उघडली होती हो, पण उशीर झाला. मी महिनाभर तिला बसवून ठेवली, तिथं चुकलं. आधीच लोंढा सोडला असता तर आज असती. लोक म्हणायचे, नशीब. तो मान हलवायचा. त्या बोलण्याला धरूनच तो उभा राहिला, कामाला गेला, पोरीची वेणी घालायला लागला.

मी डॉक्टरांकडं गेले. ते साथीतून परत आले होते, वाळून गेले होते. त्यांना सगळं सांगितलं, पेज, मीठ, उधाण, सूज, थांबलेली घुरघुर, सगळं. ते ओट्यावरच बसले, माझ्या मासळीच्या पाटीशेजारी. बोलले, मागं आधीच तुंबलेलं, त्यात त्यानं पाणी ओतलं, मीठ ओतलं. फुप्फुसात पाणी भरून ती बुडाली, बायजाबाई, घरात बसून बुडाली. आणि घुरघुर थांबली ती दार उघडलं म्हणून नाही. वरच्या खोलीनं ढकलायचंच सोडलं म्हणून.

मग मला विचारलं, "पाणी-मीठ कमी ठेवायचं मी काहीच बोललो नव्हतो का?"

"नाही," मी बोलले.

"त्या दिवशी सूज नव्हती. असती तर बोललो असतो."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्हाला जगात दुसरं काही सापडलं नाही का हो? उघाडीच कशी आठवली? ते बोलले, त्याला समजावं म्हणून. मी म्हटलं, समजलं त्याला. आणि पाटी उचलून चालती झाले. पुढं कित्येक महिने मी त्या घरी मासळी दिली नाही. मग परत द्यायला लागले. राग तरी किती दिवस धरायचा, आणि डॉक्टर त्यानंतर कुठल्याही रोग्याला काही समजावताना दहा वेळा अडखळायचे, ते डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं.

भिवाला मी काही सांगितलं नाही. कशाला सांगायचं? सगुणा काही परत येणार नव्हती. तो आपला उशीर झाला, उशीर झाला म्हणत जगत होता, तर जगू दे. उशीर झाल्याचं दुःख माणूस सोसतो. दुसरं त्याला सोसलं नसतं.

शालू वाढली. आयशीसारखीच, चिवट आणि तोंडाळ. टिटवाळ्याकडचं एक स्थळ तिच्यासाठी बघायचं चाललं होतं. त्या सालच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा उतरला आणि घोटा सुजला. मी डॉक्टरांकडून औषध आणलं, महिनाभर तिला उठू दिलं नाही, पण दिवाळीनंतर ती पाणी भरून आली आणि दारातच छातीवर हात ठेवून उभी राहिली. मी बघितलं, आणि भिवानं पण बघितलं. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळच्या होडीनं मी तिला डॉक्टरांकडं नेणार.

त्याच दुपारी मला कुडापलीकडून लाकडं फोडल्याचा आवाज आला. नंतर तांदूळ धुतल्याचा. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

मी गेले तेव्हा चुलीवर ती मोठी हंडी होती. शालू आतल्या खोलीत पडलेली. भिवा चुलीपुढं उकिडवा बसून मीठ टाकत होता. मला बघून बोलला, "वैनी, हिची पण घुरघुर लागलीय हाताला. बारीक आहे अजून. पण या खेपेला उशीर नाय करायचा."

"हंडी उतरव, भिवा," मी बोलले.

त्याला वाटलं मी घाबरलेय. मला समजावायला लागला, की सगुणाच्या वेळी कुठं चुकलं, आता कसं करायचं, रोज थोडं आणि उधाणाला जास्त. किती वर्षं त्यानं मनात घोकलं होतं ते. मी ऐकत राहिले असते तर त्यानं पोर मारली असती. आधी सांगायला हवं होतं की नको होतं, ते मी कधी ठरवू शकले नाही. त्या वेळी ठरवायला सवडच नव्हती.

"पाण्यानं मेली ती," मी बोलले. "दार उघडलं नव्हतं. तुझ्या पेजेनं आतल्या आत बुडाली. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं."

चूल धडधडून पेटली होती, पेज उतू जायला लागली होती. त्यानं हात पुढं करून लाकडं बाहेर ओढली. मग खाली बघूनच विचारलं, "तिला कळत होतं?"

"कळत होतं. मला बोलली होती."

"मंग प्याली कशाला?"

आता काय सांगायचं होतं मी त्याला? खोटं बोलायला मला येत नाही असं नाही. पण खोटं बोलले असते तर त्यानं माझं आधीचं बोलणंही खोटं धरलं असतं आणि लाकडं परत आत सारली असती.

"तू देत होतास म्हणून," मी बोलले.

मला वाटलं होतं तो भिंतीवर डोकं आपटेल, तसं त्यानं केलं नाही. आतून शालूनं हाक मारली, बाबा, तहान लागलीय, पाणी दे. भिवा सवयीनं उठला. रांजणातून लोटीभर पाणी घेतलं, दोन पावलं टाकली आणि मध्येच उभा राहिला. लोटी हातात धरून, पोर आत पाणी मागतेय, आणि हा माझ्याकडं बघतोय.

"वैनी," तो बोलला, "तू दे."

मी त्याच्या हातातून लोटी घेतली, अर्धं पाणी परत रांजणात ओतलं आणि पोरीला पाजलं.